‘मवाळ’ शिक्क्याखालचे गोखले

गेल्या दिवाळीत फराळाच्या वेळी माझ्या थोरल्या भावाच्या नातवाने मला सगळ्यांदेखत विचारले, की आजोबा, तुम्ही नक्की कोण? डावे, उजवे, की लिबरल? शेवटचा शब्द त्याने अशा काही सुरात उच्चारला, की तो विचारतो आहे की शिवी देतो आहे हे कळेना. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात आमच्या सौ.नी आतून सांगितले, की ते मधुमेही आहेत, त्यांच्यापुढच्या करंज्या आधी उचल. सगळे हसले आणि प्रश्न तिथेच राहिला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. चौतीस वर्षे बँकेत काढली, पाच-सहा कादंबऱ्या लिहिल्या, दर निवडणुकीला न चुकता मत दिले. आणि एका शब्दात मी कोण, हे मला सांगता येईना.

आमच्या बँकेत काउंटरवर तारखेचा एक रबरी शिक्का असे. रोज सकाळी कॅशियरने त्याची चाके फिरवून नवी तारीख लावायची. एखाद्या दिवशी कोणी विसरले, की दुपारपर्यंत शे-दीडशे पावत्यांवर कालची तारीख उमटलेली असे आणि मग सगळ्यांची धावपळ. राजकारणात माणसांवर मारलेल्या शिक्क्यांची चाके कोणी फिरवतच नाही, असे मला त्या संध्याकाळी वाटले. आणि आठवण झाली ती गोपाळ कृष्ण गोखल्यांची. मराठी मुलखात ‘मवाळ’ हा शिक्का त्यांच्याइतका पक्का दुसऱ्या कोणावर बसला नसेल.

आमचे आजोबा कट्टर टिळकभक्त. आमच्या घरात मवाळ हा शब्द भित्रा माणूस, सरकारचा माणूस, अशाच अर्थाने वापरला जाई. शाळेच्या पुस्तकातही दोनच रकाने असत, जहाल आणि मवाळ. परीक्षेत त्यांतले फरक लिहायचे आणि पाच गुण मिळवायचे. गोखल्यांचा परिचय मला झाला तो पुष्कळ पुढे, आणि तोही इतिहासाच्या वाटेने नव्हे, तर अंदाजपत्रकाच्या. एका अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गाच्या ग्रंथालयात त्यांच्या भाषणांचा जाड खंड हाती लागला. त्यात रुपयाच्या विनिमय दरावरची चर्चा बघून मी चकित झालो. हा माणूस तर आमच्यातला निघाला.

गोखल्यांचा जन्म 9 मे 1866 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. वडील कागलला नोकरीला होते. ते 1879 साली गेले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. पंधरातले आठ! आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासलेल्या माझ्यासारख्या माणसाला या एका आकड्यात अख्खे घर दिसते. सरकारच्या एकेका पैशाचा हिशेब मागणाऱ्या गोखल्यांचे पहिले अर्थशास्त्र हेच असणार.

1884 मध्ये बी. ए. होऊन ते पुण्याला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, मग डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य आणि फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय रिकामा असेल तो शिकवायचा. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पुढे कित्येक वर्षे शाळांतून चालले. अंकगणितातून आलेला हा माणूस न्यायमूर्ती रानड्यांच्या हाती पडला. रानडे त्यांना सरकारी अहवाल वाचायला लावीत, टिपणे पुन्हा पुन्हा लिहून घेत. कौतुकाचा शब्द क्वचित. अशी तालीम आता कोणी देत नाही आणि कोणी घेतही नाही. असो.

शिक्क्यांची गुंतागुंत इथूनच सुरू होते. टिळक, आगरकर आणि गोखले ही सगळी एकाच संस्थेतली माणसे, एकाच ध्येयाने थोडक्या पगारावर राबणारी. 1890 मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. त्या वेळच्या वादाचे एक निमित्त गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेण्याचे होते. आगरकरांच्या ‘सुधारक’ पत्राच्या इंग्रजी रकान्यांचे काम गोखले पाहत. संमतिवयाच्या विधेयकाला 1891 मध्ये त्यांनी पाठिंबा दिला. म्हणजे पुण्यात त्यांच्यावर पहिला शिक्का बसला तो मवाळ हा नव्हे, तर सुधारक हा. आणि त्या काळच्या पेठांतून सुधारक हा शब्द काही कमी जहाल समजला जात नसे. ज्यांना पुढे जहाल म्हटले गेले, ते या बाबतीत सबुरीने घेणारे होते. राजकारणातला मवाळ समाजकारणात जहाल आणि राजकारणातला जहाल समाजकारणात मवाळ, असा हा उलटा व्यवहार. शाळेच्या दोन रकान्यांत तो बसत नाही, म्हणून बहुधा तिथे दिला जात नसावा.

पण सुधारक हा शिक्काही गोखल्यांच्या अंगाला पुरता बसत नव्हता. पहिली पत्नी आजारी असताना, ती हयात असताना, 1887 साली त्यांनी दुसरा विवाह केला. सामाजिक परिषदेच्या व्यासपीठावर पुढे येताना ही गोष्ट त्यांना जन्मभर आड आली. त्यांचे चरित्र वाचताना मी या ठिकाणी दर वेळी थबकतो. सावित्रीबाईंच्या बाजूने ही हकिकत कोणी लिहिलेली नाही. कादंबरीकाराला तिथे एक आख्खे पुस्तक दिसते. ते लिहिण्याचे धाडस मला झालेले नाही.

1895 मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या मंडळींच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनात सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरवू द्यायची की नाही, यावरून एवढे रण माजले, की रानड्यांनी ती दुसरीकडे हलवली. पुढच्या वर्षी त्यांनी डेक्कन सभा काढली आणि गोखले तिचे चिटणीस झाले. गंमत अशी, की या सभेच्या निवेदनात रानड्यांनी उदारमतवाद आणि नेमस्तपणा हीच आपली तत्त्वे असल्याचे जाहीर केले होते. नेमस्तपणा म्हणजे भीती नव्हे. जे न्यायाचे आहे आणि मिळण्यासारखे आहे, तेच मागायचे आणि ते मिळेपर्यंत सोडायचे नाही, असा त्यांचा अर्थ होता. म्हणजे हा शब्द त्यांनी आपण होऊन, अभिमानाने घेतला होता. दहा वर्षांत त्याचा ‘मवाळ’ होऊन तो त्यांच्या अंगावर फेकला जाऊ लागला.

अधल्या वर्षांत एक घटना घडली, तिने हा शिक्का घट्ट केला. 1897 मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले लंडनला गेले. वय अवघे तीस, आणि साक्ष उत्तम झाली. इकडे पुण्यात प्लेग आणि गोऱ्या शिपायांच्या घरझडत्या. मित्रांची पत्रे गेली, की शिपायांनी बायकांवर अत्याचार केले आहेत. गोखल्यांनी ते तिथे खासदारांपुढे आणि वर्तमानपत्रांतून जाहीरपणे सांगितले. बंदरात उतरेपर्यंत मात्र सगळे बदलले होते. 22 जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, पुण्यात दहशत होती, आणि पत्रे लिहिणारे कोणीही पुढे यायला तयार नव्हते. नावे सांगितली असती तर ते मित्र तुरुंगात गेले असते. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. पुराव्याअभावी आरोप मागे घेतले आणि सरकारची जाहीर माफी मागितली.

पुण्याने त्यांना यासाठी कधी क्षमा केली नाही. त्या डिसेंबरात अमरावतीच्या अधिवेशनात त्यांना बोलूही दिले गेले नाही. आमचे आजोबा साठ-सत्तर वर्षांनंतरही माफीवीर असा उल्लेख करीत. मी स्वतःला विचारून पाहिले आहे, की त्या जागी मी काय केले असते. मित्रांना वाचवून स्वतःची अब्रू घालवायची, की अब्रू राखून मित्रांना पोलिसांच्या हाती द्यायचे? यात मवाळ कोणते आणि जहाल कोणते, ते वाचकांनीच ठरवावे.

1901 मध्ये मुंबई कायदेमंडळात शेतजमिनीच्या हस्तांतरावर बंधने घालणारे विधेयक आले, तेव्हा फिरोजशहा मेहतांबरोबर गोखले सभात्याग करून बाहेर पडले. मवाळांनी सभात्याग केल्याचे आमच्या पुस्तकात नव्हते. आणि मग आला 26 मार्च 1902. कलकत्ता, मध्यवर्ती कायदेमंडळ, अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. सरकारने सात कोटींची शिल्लक दाखवली होती आणि सगळे अभिनंदन करीत होते. पस्तीस वर्षांचे गोखले उठले आणि ही शिल्लक देशाच्या भरभराटीची खूण नसून रयतेकडून जादा वसूल केलेला पैसा आहे, असे त्यांनी आकड्यांनिशी मांडले.

हा हिशेब जरा समजून घेण्यासारखा आहे. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी मोठी रक्कम लंडनला पौंडांत भरावी लागे: कर्जावरचे व्याज, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, इंडिया ऑफिसचा खर्च. याला होम चार्जेस म्हणत. चांदी घसरली तसा रुपयाही घसरला, आणि 1894-95 च्या सुमारास तो तेरा पेन्सांवर आला. म्हणजे एक पौंड द्यायला साडेअठरा रुपये लागत. ही तूट भरून काढायला सरकारने कर वाढवले. त्याआधीच मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवर नेऊन ठेवला होता. पुढे टांकसाळी बंद करण्याच्या धोरणाने रुपया सोळा पेन्सांवर स्थिर झाला. आता एका पौंडाला पंधराच रुपये पुरू लागले. पौंडामागे साडेतीन रुपये वाचले, पण तूट भरण्यासाठी लावलेले कर तसेच राहिले. शिल्लक कुठून आली? तर इथून. आणि ही सगळी वर्षे दुष्काळाची, प्लेगची.

याला सरकारजवळ धड उत्तर नव्हते. 1903 मध्ये मिठावरचा कर दोन रुपयांवर आला, 1905 मध्ये दीडवर, 1907 मध्ये एक रुपयावर. प्राप्तिकराची सूटही पाचशेवरून हजारावर गेली. याचे सगळे श्रेय एका भाषणाला देणे बरोबर नाही, पण दरवर्षी मार्च महिन्यात उठून तोच हिशेब नव्याने मांडणारा माणूस समोर बसलेला असणे, याचा दाब सरकारवर पडतोच. गांधीजींचा मिठाचा सत्याग्रह 1930 चा. मिठाच्या करावर त्याआधी पाव शतक असे एक काम होऊन गेले होते. ते मोर्चाने नव्हे, त्रैराशिकाने झाले, म्हणून त्याची गाणी झाली नाहीत.

12 जून 1905 रोजी गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या घटनेत ब्रिटिशांशी असलेला संबंध हा ईश्वरी संकेत मानला होता. हे वाक्य आज वाचताना अवघडल्यासारखे होते आणि ते झाकण्याचे मला कारण दिसत नाही. गोखले ते खरेच मानत होते. पण सरकारच्या गुप्त पोलिसांना या समाजाचा भरवसा वाटत नसे. त्याच्या सदस्यांवर पाळत असे. पेठेतला माणूस ज्याला सरकारचा माणूस म्हणतो, त्याच्यामागे सरकारनेच शिपाई लावलेला! याच समाजात पुढे ठक्करबाप्पा आले, आणि आयटक या कामगार संघटनेच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता, ते ना. म. जोशीही इथलेच. मवाळांच्या घरातून लाल बावट्याच्या शेजारी बसणारा माणूस निघाला.

त्याच वर्षी डिसेंबरात एकोणचाळिसाव्या वर्षी ते बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. तिथल्या भाषणात त्यांनी कर्झनच्या कारभाराला औरंगजेबाची उपमा दिली आणि वंगभंगानंतरच्या परिस्थितीत बंगालने उपसलेले बहिष्काराचे हत्यार रास्त ठरवले. टिळकांचे एक म्हणणे इथे आठवते. 1907 च्या जानेवारीत कलकत्त्याच्या भाषणात त्यांनी सांगितले होते, की हे दोन शब्द काळाशी बांधलेले आहेत. आजचे मवाळ हे कालचे जहाल होते, आणि आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील. काँग्रेस सुरू झाली तेव्हा तर दादाभाईंनाही जहाल म्हणत. शिक्क्याची चाके फिरतात हे टिळकांना पुरते ठाऊक होते. त्यांच्या अनुयायांना ते ठाऊक नव्हते.

त्याच वर्षाच्या अखेरीस सुरतेची काँग्रेस. मंडपात खुर्च्या उडाल्या, एक जोडा व्यासपीठावर येऊन सुरेंद्रनाथांना आणि फिरोजशहांना लागला, आणि काँग्रेस फुटली. हे सगळ्यांना माहीत असते. हेन्री नेव्हिन्सन हा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता, त्याने आणखी एक गोष्ट टिपून ठेवली आहे. टिळक हाताची घडी घालून व्यासपीठावर उभे होते, त्यांच्यावर माणसे धावून आली, तेव्हा गोखले दोन्ही हात पसरून त्यांना वाचवायला आडवे उभे राहिले. मी आजोबांना ही गोष्ट कॉलेजात असताना सांगितली होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, की असेल.

इथे माझी एक गोष्ट सांगायला हवी. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत आमच्याकडे एक लांबलेला संप झाला. मी संघटनेचा साधा कार्यकर्ता. निम्म्या मागण्या मान्य होत आहेत तर त्या घ्याव्यात आणि उरलेल्यांसाठी पुन्हा उभे राहावे, असे मी सभेत सांगितले. एका टेबलावर डबा खाणारा माझा मित्र उठला आणि त्याने मला भर सभेत मवाळ म्हटले. तेवढा एकच शब्द. नंतर बारा वर्षे तो माझ्याशी बोलला नाही. पुढे त्यालाच बढती मिळाली, तो वाटाघाटीच्या टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला आणि तरुण पोरे त्याला नावे ठेवू लागली. तो गेला तेव्हा मी स्मशानात गेलो होतो. आमचे बोलणे राहून गेले.

गोखल्यांच्या शेवटच्या वर्षांतले सर्वांत मोठे काम पुन्हा शिक्क्याबाहेरचे आहे. 16 मार्च 1911 रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांची मुले, तीही जिथे काही प्रमाणात मुले आधीच शाळेत जात आहेत अशाच ठिकाणी, तीही नगरपालिकेने वा लोकल बोर्डाने ठरवले तर. ज्या बापाचे उत्पन्न दहा रुपयांच्या आत, त्याला फी माफ. इतके जपून, पाऊल मोजून केलेले विधेयक. बडोद्यात सयाजीरावांनी सक्तीचे शिक्षण 1906 पासून राज्यभर लागू केले होते, त्याचा दाखला समोर होता. तरीही 1912 च्या मार्चमध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी ते पडले. विरोधकांत सरकारी अधिकारी होतेच, पण जमीनदार आणि प्रतिष्ठित हिंदी सभासदही होते. सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा हक्क देशभर कायद्याने लागू झाला तो 1 एप्रिल 2010 रोजी. मधे नव्व्याण्णव वर्षे गेली. त्या मधल्या पिढ्यांतल्या अंगठा उठवणाऱ्या खातेदारांना मी काउंटरवर भेटलेलो आहे. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवताना त्यांतल्या बायका तोंड फिरवीत.

1912 च्या अखेरीस मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने ते दक्षिण आफ्रिकेला गेले. त्याआधी 1910 मध्ये, नाताळला करारबद्ध मजूर पाठवणे बंद करावे हा त्यांचा ठराव सरकारला मान्य करावा लागला होता. गांधीजी त्या दौऱ्यात त्यांचे चिटणीस, दुभाषे, सर्व काही. रानड्यांनी दिलेले उपरणे गोखल्यांनी जपून ठेवले होते. जोहान्सबर्गच्या समारंभासाठी त्याला इस्त्री करण्याचे काम गांधीजींनी हट्टाने मागून घेतले. तिथे कोकणी मुसलमानांची वस्ती होती. त्यांच्यापुढे गोखल्यांनी इंग्रजीत न बोलता मराठीत बोलावे, मी भाषांतर करीन, असे गांधीजींनी सुचवले. गोखल्यांना हसू आले, कारण गांधीजींचे मराठी त्यांना माहीत होते. पण ते मराठीत बोलले. कोतळूकचा ब्राह्मण, कोकणातले मुसलमान, काठेवाडचा बनिया आणि ट्रान्सवालमधली सभा. या मंडळींना कोणत्या रकान्यात घालायचे?

1914 मध्ये त्यांनी सरकारचा ‘सर’ हा किताब नाकारला. टिळक त्याच वर्षी मंडालेहून सुटून आले, आणि महायुद्ध सुरू होताच ऑगस्टमध्ये त्यांनी आपली राजनिष्ठा जाहीर करणारे पत्र प्रसिद्ध केले. चाके फिरत होती. दोघांना एकत्र आणण्याची बोलणी झाली, फिसकटली, पुन्हा कटुता आली. 19 फेब्रुवारी 1915 रोजी, पन्नाशीही न गाठता, गोखले पुण्यात गेले. टिळक सिंहगडावर होते. ते खाली उतरले, स्मशानात आले, आणि जमलेल्यांना त्यांनी सांगितले, की ही वेळ टाळ्यांची नव्हे, या माणसाचा कित्ता गिरवा.

पुढे 1916 मध्ये टिळक काँग्रेसमध्ये परतले, 1918 मध्ये मवाळ बाहेर पडून लिबरल झाले, आणि गांधीजींच्या असहकारापुढे टिळकांचे कित्येक अनुयायी कौन्सिलात शिरून प्रतियोगी सहकार करू म्हणत स्वतःच मवाळ ठरले. गोखल्यांना गुरू मानणारे गांधीजी सगळ्यांत जहाल निघाले. लिबरल हा शब्द तेव्हा सरकारधार्जिण्यांसाठी वापरीत; 1991 नंतर आमच्या बँकेत उदारीकरणाची परिपत्रके येऊ लागली तेव्हा तो भांडवलदारांचा झाला; आता आमच्या नातवाच्या तोंडी तो आणखी कुणाचा तरी झाला आहे.

हे सारे मी त्याला सांगितले, अर्थात पुष्कळ थोडक्यात. तो म्हणाला, की पण मग तुम्ही कोण, ते राहिलेच. मी त्याला गोखल्यांच्या भाषणांचा तो खंड दिला. वाचील असे वाटले नव्हते. परवा रात्री त्याचा फोन आला, की होम चार्जेसपर्यंत आलो आहे, पण रुपया वाढला तर कर का कमी व्हायला हवा, ते डोक्यात शिरत नाही. मी म्हटले, रविवारी ये, येताना कागद आणि पेन्सिल आण.